ब्लू टिक आली, रिप्लाय नाही: ऑनलाइन ग्रुप प्रोजेक्टमध्ये सगळे गप्प का होतात?

(एपिसोडचं लिखित रूप. इअरफोन घरी राहिले असतील किंवा लायब्ररीत बसला असाल, तर वाचून काढा. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं ठेवलंय.)

कसे आहात? सबमिशनचा सीझन आहे, त्यामुळे हा प्रश्न मी जरा हळूच विचारते.

आजचा विषय तुमच्या फोनमध्येच आहे. व्हॉट्सअॅप उघडा आणि खाली स्क्रोल करा. ‘मिनी प्रोजेक्ट ग्रुप ७’, ‘डीबीएमएस असाइनमेंट’, ‘फायनल इयर फायनल’ अशा नावाचा एखादा ग्रुप सापडेल. त्यातला शेवटचा मेसेज बहुतेक असा असेल: “गाइज, प्रोजेक्टचं काय करायचं? कोण काय करतंय?” खाली टिक निळी झालेली, म्हणजे बाकीच्या चौघांनीही वाचलाय. आणि त्यानंतर तीन दिवस काहीच नाही.

मग चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला एक जण वैतागून एकट्यानेच सगळा रिपोर्ट लिहायला बसतो. बाकीच्यांची नावं पहिल्या पानावर टाकतो आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालतो. ते चौघं तरी खूश असतात का? तेही नाही. एकाला वाटतं, मला कुणी विचारलंच नाही. दुसरीला वाटतं, मी काही लिहिलं असतं तर हसले असते. तिसऱ्याच्या गावात दोन दिवस लाइट नव्हती. प्रोजेक्ट सबमिट होतो, मार्क पडतात, आणि पाच जण सेमिस्टरच्या सुरुवातीला जितके अनोळखी होते तितकेच शेवटी राहतात.

ऑनलाइन ग्रुप वर्क म्हटलं की लॉकडाऊन आठवतो. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि सगळं एका रात्रीत फोनवर आलं. पण तो प्रश्न लॉकडाऊनबरोबर गेला नाही. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डिग्रीला देशभरातली मुलं आहेत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात १९८९ पासून लोक घरी बसून शिकतायत. आणि रेग्युलर कॉलेजचं काय? लेक्चर संपलं की एक जण हॉस्टेलवर, एक जण एसटीने अप-डाऊन करणारा, एक जण संध्याकाळी दुकानात पार्ट टाइम. सगळे एकत्र बसणार कधी? म्हणजे नाव ‘ऑफलाइन’ असलं तरी ग्रुपचं खरं काम फोनवरच चालतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमची टीम तीन शहरांत पसरलेली आहे, त्यामुळे फोनच्या पलीकडच्या माणसाशी जुळवून घेणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. आज मी दोन गोष्टी सांगणार आहे. एक, ऑनलाइन ग्रुप गप्प का होतो, त्यामागची कारणं. आणि दोन, त्यावर फोनमधूनच करता येतील असे उपाय. सुरू करूया.

सगळ्यांना विचारलं म्हणजे कुणालाच विचारलं नाही

१९६८ चा एक प्रयोग आहे. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांवर केलेला. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवलं, हेडफोन आणि माइक दिला आणि सांगितलं, की कॉलेज लाइफमधल्या अडचणींवर गप्पा मारायच्या, एकेकाने पाळीपाळीने बोलायचं. विचार करा, हा जवळजवळ आजचा मीट कॉलच झाला! खोलीतल्या मुलाला माहीत नव्हतं, की बाकीचे आवाज आधीच रेकॉर्ड केलेले आहेत. मध्येच त्यातला एक आवाज अडखळायला लागतो, फिट आल्यासारखं बोलायला लागतो, मदत मागतो.

ज्यांना वाटत होतं की ऐकणारा मी एकटाच आहे, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण तो आवाज बंद पडायच्या आत मदतीला उठले. ज्यांना वाटत होतं की माझ्याशिवाय आणखी चार जण ऐकतायत, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के.

आता यातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. जे उठले नाहीत, ते बेफिकीर नव्हते. प्रयोग करणारे खोलीत गेले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, आणि त्यांनी स्वतःहून विचारलं, की तो बरा आहे ना? म्हणजे त्यांना काळजी वाटत होती. फक्त ‘हे काम माझं आहे’ असं कुणीच ठरवलं नव्हतं.

तुमच्या ग्रुपमधलं “कोण काय करतंय?” हे नेमकं असंच असतं. प्रश्न पाच जणांत वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा छोटा तुकडा येतो, आणि तो तुकडा गिळून टाकता येतो. म्हणून पहिला उपाय सरळ आहे: ग्रुपला प्रश्न विचारू नका, माणसाला विचारा.

“लिटरेचर सर्व्हे कोण करेल?” याऐवजी एकाला टॅग करून असं लिहा: “पहिले तीन पेपर तू वाचशील का? प्रत्येकी चार ओळी, गुरुवारी रात्री ९ पर्यंत. नसेल जमत तर उद्या दुपारपर्यंत सांग, आपण बदलू.”

या मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत. नाव, कामाचा छोटा तुकडा, वेळ, आणि नाही म्हणायची वाट. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. नाही म्हणायला जागा नसली की माणूस ‘नाही’ म्हणण्याऐवजी गायब होतो.

रस्सीखेच आणि गर्दीत लपलेला हात

दुसरं कारण याहून जुनं आहे. मॅक्स रिंगेलमान नावाचे फ्रान्समधले एक शेती अभियंता होते. माणसं एकेकटी दोर ओढतात तेव्हा किती जोर लावतात आणि मिळून ओढतात तेव्हा किती, हे त्यांनी मोजलं. निष्कर्ष १९१३ मध्ये छापून आले. आठ जण एकत्र ओढायला लागले की माणशी जोर जवळजवळ निम्म्यावर यायचा.

याची कारणं दोन. एक म्हणजे ताळमेळ. सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, थोडी ताकद वाया जाते. दुसरं म्हणजे, माणूस खरंच हात थोडा सैल सोडतो. १९७९ मध्ये लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हे वेगळं काढून दाखवलं. आपण ग्रुपमध्ये आहोत असं नुसतं वाटलं तरी प्रत्येक जण जरा हळू ओरडत होता. पण १९८१ मध्ये त्याच लोकांनी पुढची गोष्ट दाखवली, जी आपल्या कामाची आहे. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं, की हा आळस नाहीसा व्हायचा.

म्हणजे एखादा मुलगा मुळातच आळशी असतो असं दरवेळी नसतं. त्याचं काम वेगळं दिसतच नसेल, तर ते करून काय फरक पडतो असं त्याला वाटतं. “सगळे मिळून रिपोर्ट लिहूया” हे वाक्य ऐकायला छान, पण कामाला कुचकामी. “चॅप्टर २ मधला टेबल माझा” हे कामाचं.

गूगल डॉक्समध्ये प्रत्येकाने आपापल्या अकाउंटवरून लिहा. एकाच्या लॅपटॉपवर सगळ्यांचं कॉपी-पेस्ट करू नका. व्हर्जन हिस्टरीत कुणी काय लिहिलं ते दिसतं. कुणावर पाळत ठेवायला हे नको आहे. लिहिणाऱ्याला आपलं काम दिसलं पाहिजे, म्हणून हवंय.

“राहू दे, मी करते”

हे वाक्य वाचा. “राहू दे, मी करते.” बोलणारी मदत करतेय की चिडली आहे? सांगता येतंय का?

आवाजात ऐकलं असतं तर अर्ध्या सेकंदात कळलं असतं. मेसेजमध्ये कळत नाही. आणि गंमत अशी, की लिहिणाऱ्याला वाटतं, कळतंय! २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी एकमेकांना काही वाक्यं पाठवायची होती, काही मनापासून, काही उपरोधाने. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता, की ई-मेल वाचून समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर ओळखता येईल. प्रत्यक्षात आकडा आला ५६ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं तरी ५० टक्के बरोबर येतात! हीच वाक्यं बोलून दाखवली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश वेळा बरोबर ओळखता आलं.

आपल्या मराठीत तर याला आणखी धार येते. “बघ तुला जमतंय का.” “ठीक आहे.” “हो का.” “चालू द्या.” ही सगळी वाक्यं प्रेमाचीही आहेत आणि टोमण्याचीही. जो तुम्हाला चार वर्षं ओळखतो तो बरोबर वाचेल. जो तुम्हाला फक्त रोल नंबरने ओळखतो, तो स्वतःच्या मूडप्रमाणे वाचेल. त्याचा दिवस वाईट गेला असेल, तर तुमचं “ठीक आहे.” त्याला कानाखाली मारल्यासारखं लागेल.

त्यात भाषेचा प्रश्न वेगळाच. ग्रुपमध्ये पहिले दोन मेसेज फाडफाड इंग्रजीत पडले, की ज्याला इंग्रजी लिहायला वेळ लागतो तो गप्प बसतो. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला मुलगा, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारी मुलगी, यांना विषय येत नसतो असं नाही. वाक्य मनात तयार करेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते.

यासाठी तीन साधे नियम:

- कुठल्याही भाषेत लिहिलेलं चालेल, रोमन लिपीतलं मराठीही चालेल. कुणाचं ग्रामर सुधारायचं नाही. रिपोर्टचं इंग्रजी शेवटी सगळे मिळून बघू.
- नाराजी, सुधारणा किंवा नकार सांगायचा असेल तर टाइप करू नका. मिनिटभराच्या आतली व्हॉइस नोट पाठवा किंवा फोन करा.
- प्रत्येक व्हॉइस नोटखाली एका ओळीत सार लिहा. एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला ऐकता येत नाही, पण वाचता येतं.

कॉलवर “तू बोल, नाही नाही, तू बोल” का होतं?

हा माझा आवडता भाग, कारण यात थोडं इंजिनिअरिंग आहे.

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं, यात किती वेळ जातो? २००९ मध्ये जगभरच्या दहा भाषांवर एक अभ्यास झाला. भाषेगणिक थोडा फरक होता, पण सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद. पापणी लवते तेवढ्यात आपण पाळी ओळखून बोलायला लागतो.

आता कॉलवर या. तुमचा आवाज फोनमधून टॉवरला, तिथून सर्व्हरला आणि तिथून पुढच्याच्या फोनमध्ये जातो. टेलिफोनचे जागतिक निकष ठरवणारी आयटीयू ही संस्था सांगते, की एका बाजूचा हा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज वाटतं, आणि ४०० च्या पुढे जाऊ नये. समजा, कमी रेंजच्या गावात तो ३०० आहे. तुम्ही प्रश्न विचारला. तो तिकडे पोचायला ३००, समोरचीने २०० मध्ये बोलायला सुरुवात केली, तिचा आवाज तुमच्यापर्यंत यायला पुन्हा ३००. एकूण ८०० मिलिसेकंद.

तिने अजिबात वेळ लावलेला नाही. पण तुमच्या कानाला जवळजवळ एक सेकंदाची शांतता ऐकू आली, नेहमीच्या चौपट. तुमच्या मेंदूने ठरवलं, ही काही बोलत नाही. तुम्ही पुढचं वाक्य सुरू केलं, आणि तेवढ्यात तिचा आवाज येऊन धडकला. दोघांचंही “सॉरी सॉरी, बोल तू.” असं तीनदा झालं की ती माइक म्यूट करते आणि कॉल संपेपर्यंत उघडत नाही.

मग ग्रुपमध्ये काय ठरतं? “ती बोलतच नाही यार. तिला इंटरेस्ट नाही.”

इथे थोडं थांबूया. कारण हाच आजच्या एपिसोडचा गाभा आहे. तिचं नेटवर्क तिचा स्वभाव ठरवतंय. तिला सोपं काम दिलं जातं, मग प्रेझेंटेशनला मागे उभं केलं जातं, मग व्हायवात एक्स्टर्नल नेमका तिलाच प्रश्न विचारतात आणि तिला उत्तर येत नाही, कारण त्या भागाच्या चर्चेत ती नव्हतीच. शेवटी तिलाही वाटायला लागतं, की आपण ग्रुपमध्ये काम करणाऱ्यांतल्या नाही. सुरुवात कुठून झाली? ८०० मिलिसेकंदांपासून.

उपाय पैशाचे नाहीत, सवयीचे आहेत.

- पाळी लावा. कॉलवर एक जण नाव घेऊन विचारेल. ज्याचं नेटवर्क सगळ्यात कच्चं, त्याला सगळ्यात आधी बोलू द्या. लाइन तुटायच्या आत त्याचं म्हणणं येऊन जातं.
- प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा. एक, दोन, तीन. विचित्र वाटेल, पण ३,००० मिलिसेकंदांत उशिरा येणारा आवाजही पोचतो.
- कॅमेरा ऐच्छिक ठेवा. नुसत्या आवाजाला सेकंदाला तीस-चाळीस किलोबिट पुरतात, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट लागतात. दीड जीबीच्या डेली पॅकवर जगणाऱ्याला हा फरक कळतो. शिवाय प्रत्येकाच्या मागची भिंत दाखवण्यासारखी असतेच असं नाही, आणि तसं विचारूही नये.
- चॅट बॉक्स उघडा ठेवा, आणि तिथे लिहिलेलं कुणीतरी मोठ्याने वाचा.

तसंही, कॅमेरा सतत सुरू असला तर दमायला होतं. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये यावर लिहिलं. सतत स्वतःचाच चेहरा बघत बसणं, हे त्यांनी दिलेल्या चार कारणांपैकी एक. सेल्फ व्ह्यू लपवायची सोय असते, वापरा.

आधी ओळख, मग काम

ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडलं, की छोटे गट साधारण चार पायऱ्यांतून जातात. आधी जमतात, मग खटके उडतात, मग नियम बसतात आणि मग कुठे काम जोरात सुरू होतं. कॉलेजमध्ये पहिल्या दोन पायऱ्या कॅन्टीनमध्ये, चहाच्या टपरीवर, आपोआप उरकतात. ऑनलाइन त्या आपोआप होत नाहीत. मुद्दाम कराव्या लागतात.

आमच्या क्षेत्रात नवीन माणूस टीमला स्वतःबद्दल थोडं लिहून देतो, की माझ्याबरोबर काम कसं करायचं. तुम्हीही करा. ग्रुप बनला की प्रत्येकाने एक मेसेज टाकायचा. मी कुठून जॉइन होते, माझ्याकडे कुठलं डिव्हाइस आहे, माझा निवांत वेळ कुठला, मला काय आवडतं, काय आवडत नाही, आणि मी उत्तर दिलं नाही तर काय करायचं. नमुना देते:

“मी उदगीरजवळच्या गावात राहते. लॅपटॉप नाही, फोनवरूनच काम करते. रात्री ९ नंतर फोन भावाकडे असतो. गच्चीवर गेलं की रेंज चांगली येते. लोकांशी बोलायला, माहिती गोळा करायला आवडतं. पीपीटी बनवायचा कंटाळा आहे. दोन दिवस रिप्लाय आला नाही तर साधा कॉल करा, तो लागतो.”

या सहा-सात ओळींनी काय झालं बघा. साडेनऊचा कॉल आठवर आला. सर्व्हेचं काम तिच्याकडे गेलं, कारण ते तिला आवडतं आणि फोनवरून होतं. आणि उद्या ती दोन दिवस दिसली नाही, तर “आळशी आहे” असं म्हणायच्या आधी कुणीतरी साधा कॉल करेल.

आणि हो, असा मेसेज सगळ्यात आधी त्याने टाकावा ज्याच्याकडे लॅपटॉप, वायफाय, स्वतःची खोली, सगळं आहे. त्याने स्वतःची एखादी अडचण मोकळेपणाने लिहिली, की बाकीच्यांना लिहायला अवघड वाटत नाही. घरातलं कुणाला सांगायचं नसेल तर सक्ती नको. “९ नंतर जमत नाही” इतकंही पुरे.

पहिला कॉल वीस मिनिटांचा ठेवा आणि त्यात प्रोजेक्ट काढूच नका. “स्वतःबद्दल सांगा” असंही विचारू नका, इंटरव्ह्यू वाटतो. “तुमच्याकडची मिसळ तिखट की गोडसर?” असं काहीतरी विचारा. ज्याचं उत्तर चुकू शकत नाही असा प्रश्न हवा. एकदा तोंड उघडलं, की दुसऱ्यांदा उघडणं सोपं जातं.

पाच माणसं, दहा जोड्या

फ्रेड ब्रूक्स यांचं १९७५ चं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ आमच्या क्षेत्रातलं गाजलेलं पुस्तक. त्यात एक साधं गणित आहे. ग्रुपमध्ये माणसं वाढतात त्यापेक्षा त्यांच्यातल्या जोड्या वेगाने वाढतात. तीन माणसांत तीन जोड्या, पाच माणसांत दहा, आठ माणसांत अठ्ठावीस. बहुतेक ग्रुपमध्ये या दहापैकी दोन-तीनच जोड्या बोलत असतात, बाकीच्यांचं नातं फक्त ब्लू टिकचं.

मग सगळ्या जोड्या बोलत्या कशा करायच्या? क्रिकेटच्या साखळी सामन्यांसारखं वेळापत्रक लावा. पाच जणांना १ ते ५ नंबर द्या.

- आठवडा १: २ आणि ५, ३ आणि ४. समन्वय १ कडे.
- आठवडा २: १ आणि ३, ४ आणि ५. समन्वय २ कडे.
- आठवडा ३: २ आणि ४, १ आणि ५. समन्वय ३ कडे.
- आठवडा ४: १ आणि २, ३ आणि ५. समन्वय ४ कडे.
- आठवडा ५: १ आणि ४, २ आणि ३. समन्वय ५ कडे.

दर आठवड्याला दोन जोड्या छोटं काम मिळून करतात. पाचवा माणूस त्या आठवड्याचा लीडर: तो कॉल ठरवतो, आठवण करतो, सरांना किंवा मॅमना अपडेट देतो. पाच आठवड्यांत प्रत्येक जण प्रत्येकाबरोबर एकदा काम करतो आणि प्रत्येकाला एकदा लीडर व्हायला मिळतं. पाच जणांच्या कॉलवर गप्प राहणारा मुलगा दोघांच्या कॉलवर गप्प राहू शकत नाही. आणि कायमची एकच ‘मॉनिटर’ राहत नाही, जी सगळ्यांना नकोशी होते.

बाकी व्यवस्था थोडक्यात. निर्णय एकाच जागी लिहा, डॉक्युमेंटच्या पहिल्या पानावर. डेडलाइनचा मेसेज ग्रुपमध्ये पिन करा, तो ३० दिवसांपर्यंत वर राहतो. वेळ ठरवायला “कधी जमेल?” विचारू नका, तीन पर्याय देऊन पोल टाका. मीम्ससाठी वेगळा ग्रुप करा, नाहीतर महत्त्वाचा मेसेज ‘गुड मॉर्निंग’खाली गाडला जातो.

तरीही एक जण उत्तर देतच नसेल तर?

येणार, हा प्रश्न येणारच. आधी एक गंमत करा. प्रत्येकाला गुपचूप लिहायला सांगा, की प्रोजेक्टमध्ये माझा वाटा किती टक्के? मग बेरीज करा. बहुतेक वेळा ती १०० च्या वर जाते. मायकल रॉस आणि फिओर सिकोली यांनी १९७९ मध्ये हेच दाखवलं होतं, नवरा-बायकोच्या घरकामापासून बास्केटबॉलच्या टीमपर्यंत. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं दिसत नाही. ऑनलाइन तर अजिबातच दिसत नाही. म्हणून “सगळं मीच केलं” या भावनेतून थोडी टक्केवारी वजा करून मग बोला.

आणि बोलताना क्रम पाळा. आधी पर्सनल मेसेज, ग्रुपमध्ये नाही. चारचौघांत विचारलं की माणूस उत्तर देत नाही, बचाव करतो. “तुला काही पडलेलीच नाही” असं लिहू नका. असं लिहा: “दोन कॉलला तू नव्हतास, सगळं ठीक ना? टेस्टिंगचा भाग तुझ्याकडे आहे. जमणार असेल तर शुक्रवारपर्यंत अर्धा कर, नसेल तर आपण दुसरं छोटं काम बघू.”

उत्तर नाही आलं तर साधा फोन. तोही लागला नाही तर वर्गातल्या त्याच्या ओळखीच्या माणसाकडून निरोप. आठवडा गेला, तर गाइडना कळवा, तक्रार म्हणून नको, माहिती म्हणून: कुठलं काम, कधी विचारलं, काय उत्तर आलं. हे सबमिशनच्या आदल्या रात्री नको, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तेव्हा काहीतरी बदलता येतं, आदल्या रात्री फक्त भांडता येतं. कधीकधी यातून कळतं, की घरी कुणी आजारी आहे किंवा तो फी भरायला रात्रपाळी करतोय. आणि कधीकधी कळतं, की त्याला खरंच काम करायचं नाहीये. तसं असेल तर त्याचं नाव ठेवायचं की नाही, हे गाइडना ठरवू द्या. ते ओझं तुम्ही घेऊ नका.

हा एपिसोड ऐकणारे काही सर आणि मॅमही आहेत, त्यांना एक विनंती. फक्त शेवटच्या पीपीटीला मार्क देऊ नका. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाकडून पाच ओळी मागवा: मी काय केलं, मला कुणी मदत केली. आणि ग्रुप चार-पाच जणांपेक्षा मोठा करू नका.

जाता जाता

२०१० मध्ये अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास छापला. कुठले गट वेगवेगळी कामं चांगली करतात? नुसती हुशार माणसं भरून फारसा फरक पडत नव्हता. ज्या गटांत समोरच्याच्या मनातलं ओळखणारी माणसं होती आणि बोलायची पाळी सगळ्यांना मिळत होती, ते गट पुढे होते. २०१४ मध्ये त्यांनी नुसत्या टेक्स्ट चॅटवर काम करणारे गट तपासले. चेहरे दिसत नसतानाही मन ओळखणारी माणसं तितकीच उपयोगी ठरली. म्हणजे स्क्रीनच्या पलीकडूनही माणूस ओळखता येतो. ती सवय लावून घ्यावी लागते, इतकंच.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या ग्रुपमधली अशी एक व्यक्ती निवडा, जिच्याशी तुम्ही ‘ओके’ आणि ‘थँक्स’च्या पलीकडे काही बोललेला नाहीत. तिला फोन करा. प्रोजेक्टबद्दल नको. दोन मिनिटं विचारा, कुठून बोलतेस, रेंज कशी आहे, तुला यातलं काय करायला आवडेल? मग कामाचं बघा.

हा एपिसोड तुमच्या त्या गप्प पडलेल्या ग्रुपवर टाकून द्या. खाली एक माणूस टॅग करा आणि एकच प्रश्न विचारा. सगळ्यांना विचारू नका, का ते आता तुम्हाला माहीत आहे.

चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर सबमिशनला ऑल द बेस्ट, आणि फोन चार्ज करून ठेवा!